छत्तीस व्होल्टचा जुना बागेतला ट्रॅक्टर: नुसते कार्बन बदलू की मोटर पूर्ण उघडू?

शेंदूरवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या भागात राहतो. घरामागे मोठं उताराचं रान आहे आणि ते कापायला जनरल इलेक्ट्रिकचा जुना 'इलेक-ट्रॅक' ई-१५ आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो: १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत या कंपनीने इथेच स्केनेक्टडीला विजेवर चालणारे बागेचे ट्रॅक्टर केले. सहा व्होल्टच्या सहा बॅटऱ्या, एकूण ३६ व्होल्ट. खाली गवत कापायच्या पात्यांना तीन वेगळ्या मोटरी. अंगावर ३६ व्होल्टचं सॉकेट, त्याला झाडं कापायची करवत, कुंपण छाटायचं यंत्र जोडता येतं. वेल्डिंगचं यंत्रसुद्धा मिळायचं. आजूबाजूच्या गावांत अजून बरेच चालू आहेत.

तर प्रश्न असा. चालवायच्या मोटरीतून गेल्या हंगामापासून ठिणग्या दिसतात. चढावर ओढ कमी झाली आहे, आणि उतरून हात लावला तर मोटरीचं एक टोक दुसऱ्यापेक्षा जास्त तापलेलं लागतं. पुढच्या बाजूने घरघर येते. जाळी काढून पाहिलं तर कार्बन (मोटरीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश) झिजून अगदी आखूड झालेत. इथल्या एका दुरुस्तीवाल्याने सांगितलं, कार्बन बदला आणि चालवा. दुसऱ्याचं म्हणणं, मोटर फेका, नवी टाका. मला मोटर मूळचीच ठेवायची आहे. तुम्ही काय कराल?

---

सुगरणबाई

मोटरीतलं फारसं कळत नाही, पण आमच्या मिक्सरचे कार्बन गेले तेव्हा दुकानदाराने नवे घातले आणि दोन महिन्यांत पुन्हा तेच. शेवटी कळलं की आतलं आर्मेचरच, म्हणजे मोटरीचा फिरणारा भागच, खराब होता. वाचतेय.

---

नवागडी

सरळ सांगू? पन्नास वर्षांपूर्वीची मोटर आहे. ब्रशलेस मोटर आणि कंट्रोलर आणा, कार्बनची कटकट कायमची मिटेल. बॅटऱ्याही लिथियमच्या टाका. भावनेत अडकू नका.

---

कारशेडकाका

नवागडी, घाई नको. मी मध्य रेल्वेच्या कारशेडमधून निवृत्त झालो. माझी सगळी नोकरी डीसी ट्रॅक्शन मोटरींवर, म्हणजे गाडी ओढणाऱ्या मोटरींवर गेली. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर, आणि हार्बरवरून शेवटची डीसी गाडी २०१६ साली गेली. नव्वद वर्षं मुंबईचा चाकरमानी कार्बनवर घरी पोचला. त्या मोटरी आम्ही पुन्हा पुन्हा उघडून, घासून, भरून (आतली तार नव्याने गुंडाळून) चालवल्या. डीसी मोटर ही टाकून द्यायची वस्तू नाही. तिचा झिजणारा प्रत्येक भाग बदलता येतो, म्हणूनच ती टिकते.

शेंदूरवाट, आता तुमच्याकडे वळतो. कार्बन झिजणं हा रोग नव्हे, लक्षण आहे. आधी कम्युटेटर बघा, म्हणजे आर्मेचरवरचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, ज्यावर कार्बन टेकतात. निरोगी कम्युटेटरचा रंग चॉकलेटी असतो, एकसारखा, जरा चमकदार. लोक तो घासून पिवळाधमक करतात आणि खूश होतात. ते चुकीचं आहे. तो थर कार्बननेच घातलेला असतो आणि कार्बनला तोच वाचवतो.

तुमच्या मोटरीत काय दिसतं ते सांगा:
चर पडलेत का? काही पट्ट्या काळ्या आणि काही उजळ असा पट्टा-पट्टा दिसतो का? बोटाचं नख पट्ट्यांमधल्या फटीवरून फिरवलं तर अडकतं का? कार्बनच्या मागच्या स्प्रिंगचा रंग निळसर झालाय का?

शेवटचा प्रश्न विसरू नका.

---

उद्यमनगरी

काका, नाद खुळा प्रतिसाद! कोल्हापुरात उद्यमनगरला आमचं मोटरी भरायचं दुकान आहे. घरघरीबद्दल मी सांगतो. ती बेअरिंगची आहे, पैजेवर. आणि बेअरिंग सैल झालं की आर्मेचर हलतं, हललं की कार्बन उडतो, उडला की ठिणगी पडते. मग माणूस म्हणतो कार्बन खराब. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या डीसी मोटरी अशाच असतात.

बेअरिंगच्या कडेला नंबर कोरलेला असतो, तो वाचून दुकानातून दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं आणा. जुनं काढायला पुलरच लावा. नवं बसवताना हातोडी बाहेरच्या रिंगवर मारू नका. शाफ्टवर बसवायचं तर आतल्या रिंगवरच दाब द्यायचा, पाईपचा तुकडा लावून. बाहेरच्या रिंगवर ठोकलं तर गोळ्यांतून धक्का जातो आणि नवंकोरं बेअरिंग पहिल्या दिवसापासून आवाज करतं. थोडं गरम करून बसवलं तर लोण्यासारखं सरकतं.

---

विजेचीवेल

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत यंत्रं शिकवते. दोन गोष्टी जोडते.

पहिली सुरक्षेची आहे आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. या ट्रॅक्टरात वेग वाढवायला फील्डचा, म्हणजे मोटरीच्या स्थिर भागात चुंबकत्व तयार करणाऱ्या गुंडाळीचा, प्रवाह कमी करतात. म्हणजे मोटरीला शंट (आर्मेचरला समांतर जोडलेलं) फील्ड आहे. मोटर टेबलावर ठेवून तपासताना आर्मेचरला वीज दिली आणि फील्डची तार सुटलेली राहिली, तर वर भार नसलेली मोटर वेडी होते. वेग वाढतच जातो, आर्मेचरची वाइंडिंग खोबणीतून बाहेर फेकली जाऊ शकते. आधी फील्ड जोडा, मगच आर्मेचर. काढताना उलटा क्रम. १२ व्होल्टच्या बॅटरीवर तपासली तरी हा नियम मोडायचा नाही.

दुसरी: उघडायच्या आधी दोन्ही टोकांची झाकणं आणि मधलं कवच यांच्यावर पंचने खुणा करा. झाकण जरासं फिरलं तरी कार्बनची जागा चुकते आणि मग कितीही चांगले कार्बन घाला, ठिणग्या येतच राहतील. ए-१, ए-२, एफ-१, एफ-२ अशा तारांना कागदी चिठ्ठ्या बांधा आणि फोटो काढा.

---

नवागडी

ठीक आहे, पण कोणी खर्चाचा विचार करतंय का? बेअरिंग, लेथवाला, कार्बन, वर तुमचा वेळ. नवा सेट त्यापेक्षा महाग पडतो का?

---

बर्फाळवाडी

मी ओहायोत आहे, माझ्याकडे याच घराण्यातला ई-२० आहे, म्हणून उत्तर देतो. नवागडी, मुद्दा पैशांचा आहे तितकाच जोडणीचा. मोटरीचा शाफ्ट, बसवायची जागा, गिअरबॉक्सचा गुणोत्तर, वेगाचं सगळं नियंत्रण त्या मोटरीच्या फील्डभोवती बांधलेलं आहे. ब्रशलेस टाकली की एकेक करून सगळं बदलावं लागतं, आणि शेवटी उरतो तो फक्त पत्रा. शिवाय शंट मोटरीचा एक गुण असा की उतारावर चाकांनी तिला तिच्या वेगाहून जास्त फिरवलं, की ती स्वतः जनरेटर होते, ट्रॅक्टर आवरते आणि थोडी वीज बॅटरीला परत देते. आमच्या टेकाडावर हे रोज जाणवतं.

लिथियमबद्दल मात्र तुमच्याशी अर्धा सहमत. मी लिथियम आयर्न फॉस्फेटचे १२ सेल एका रांगेत लावलेत, ३८.४ व्होल्ट होतात. छान चालतात. पण जुन्या शिशाच्या बॅटऱ्या प्रत्येकी साधारण २८ किलोच्या, सहा मिळून पावणेदोनशे किलोच्या जवळ. ते वजन चाकांवर असायचं म्हणून पकड होती. ते गेल्यावर चढावर चाकं घसरायला लागली. मला मागे वजनं बांधावी लागली. बर्फ काढायला तर वजन हवंच.

---

शेतमळा

विषय थोडा बाजूला नेतो, माफ करा. आपल्याकडे शेतात चालेल असा विजेचा ट्रॅक्टर कोणी वापरलाय का? सोनालिकाने डिसेंबर २०२० मध्ये टायगर इलेक्ट्रिक आणला होता. आमच्या भागात बागायतदारांना द्राक्षाच्या ओळींत धूर नको असतो, म्हणून विचारतो.

---

उद्यमनगरी

शेतमळा दादा, तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, खूप लोक बोलतील. इथे मोटर उघडीच ठेवूया :)

---

शेंदूरवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. मोटर काढली. आधी बॅटरीच्या तारा सोडल्या, हातातलं घड्याळ आणि अंगठी काढली, मगच पाना हातात घेतला.

काकांच्या प्रश्नांची उत्तरं:
कम्युटेटरवर चर आहेत, नखाला चांगले लागतात. पट्ट्या काळपट, काही कडा जळालेल्या. पट्ट्यांमधला अभ्रक (त्यांना एकमेकींपासून वेगळं ठेवणारा विद्युतरोधक) तांब्याच्या पातळीला आलाय, दोनतीन ठिकाणी वरही. आणि काका, एका कार्बनची स्प्रिंग खरंच निळी झाली आहे! त्या कार्बनची तांब्याच्या बारीक तारांची शेपटी मुळाशी सैल आहे, हलवली तर डुलते. बाकीच्या ठीक आहेत. बेअरिंगबद्दल उद्यमनगरी बरोबर होते, पुढच्यात ग्रीसचा मागमूस नाही, फिरवलं तर खरखरतं.

आतमध्ये काळी पूड इतकी होती की हात धुवून धुवून थकलो.

---

कारशेडकाका

आता चित्र स्पष्ट झालं. ती शेपटी सैल झाली, म्हणून वीज तिच्यातून जायच्या ऐवजी स्प्रिंगमधून जायला लागली. स्प्रिंग तापली, निळी पडली, तिचा ताण गेला. ताण गेला की कार्बन कम्युटेटरला नीट टेकत नाही. मग ठिणग्या, मग जळणं, मग चर. एका सैल शेपटीने पूर्ण मोटर खाल्ली. तुमचं एक टोक जास्त तापत होतं ते यामुळे.

स्प्रिंगा सगळ्या बदला, एक नाही. आणि सगळ्या कार्बनांवर सारखा दाब येतो का ते स्प्रिंग काट्याने मोजा.

कम्युटेटर लेथवर घ्यायचा. फक्त चर जातील इतकंच, एक काटा जास्त नाही, कारण तांबं परत येत नाही. आधी नवी बेअरिंग बसवून घ्या किंवा शाफ्टच्या मूळ जागेवरच टेकवून लावा, आणि डायल (बारीकसा फरकही दाखवणारं मापक) लावून गोलाई बघा. मग अभ्रक खाली घ्यायचा. पट्टीच्या पातळीपेक्षा साधारण ०.८ मिलिमीटर. तांब्याला अभ्रकाच्या मानाने लवकर झीज येते, म्हणून अभ्रक उंच राहिला तर कार्बन त्यावरून उड्या मारत जातो.

---

विजेचीवेल

काकांना अनुमोदन. लेथआधी आर्मेचर तपासून घ्या, नाहीतर खर्च वाया. शेजारच्या दोन पट्ट्यांमधला रोध एकामागून एक मोजत जा. कुठे अचानक जास्त आला तर तिथली गुंडाळी तुटलीय. कमी आला तर शॉर्ट. साध्या मल्टिमीटरला इतके छोटे रोध नीट दिसत नाहीत. बॅटरीचा थोडा प्रवाह देऊन व्होल्टेज मोजणं सोपं पडतं. मोटर भरणाऱ्याकडे ग्राउलर (आर्मेचर तपासायचं यंत्र) असतो, त्यावर शॉर्ट लगेच सापडतं. आणि शाफ्ट ते पट्टी मेगर (विजेची गळती तपासायचं मीटर) लावून बघा, कार्बनच्या पुडीने गळती वाढते.

ती पूड दाबाच्या हवेने उडवू नका. ती वाइंडिंगमध्ये आत जाऊन बसते. व्हॅक्यूमने ओढा, तोंडाला मास्क लावून.

---

उद्यमनगरी

आम्ही थिनरच्या फडक्याने पुसतो, काही होत नाही.

---

कारशेडकाका

उद्यमनगरी, पुसा, पण फडकं ओलं चिंब नको आणि वाइंडिंगवर नको. जुना वार्निश थिनरने मऊ पडतो. आम्ही कम्युटेटर कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडानेच पुसायचो.

---

विजेचीवेल

आणि सिलिकॉनचा स्प्रे किंवा सिलिकॉनचा सीलंट त्या मोटरीच्या आसपास नको. त्याची वाफ ठिणगीत जळून कम्युटेटरवर कठीण कण होतात आणि कार्बन भराभर झिजतात. लोक पाणी जाऊ नये म्हणून झाकणाला सिलिकॉन लावतात आणि मग कारण शोधत बसतात.

---

बर्फाळवाडी

शेंदूरवाट, कार्बन कुठून आणणार? मूळचे तयार मिळणं अवघड आहे. मी जुना नमुना कार्बन बनवणाऱ्यांना पाठवला. त्यांनी माप घेऊन करून दिले. फोर्कलिफ्ट आणि गोल्फ गाडीच्या मोटरींचे कार्बनही पाहा, माप जवळपास असतं, पण घासून बारीक करायचे तर चारी बाजू काटकोनात राहिल्या पाहिजेत. होल्डरमध्ये कार्बन मोकळा सरकला पाहिजे, पण डुलता कामा नये.

---

कारशेडकाका

कार्बनची प्रत, म्हणजे त्याचा प्रकार, महत्त्वाची. कमी व्होल्टेज, जास्त अँपिअर असलं की तांबं मिसळलेला कार्बन वापरतात. साध्या ग्राफाइटच्या कार्बनला कम्युटेटरशी साधारण एक व्होल्ट खर्च होतो, दोन्ही बाजूंचे मिळून दोन. १५०० व्होल्टच्या लोकलला दोन व्होल्ट काहीच नाहीत, तुमच्या ३६ मधून दोन गेले तर चढावर कळतं आणि उष्णता होते. तांबंमिश्रित कार्बनमध्ये हा तोटा बराच कमी. पण म्हणून सगळ्यात जास्त तांब्याचा आणू नका, ठिणग्या आवरायला थोडा रोध लागतो. नमुन्याशी जुळेल ती प्रत घ्या आणि एकाच मोटरीत दोन प्रती मिसळू नका.

मुंबईत लोहार चाळ, पुण्यात तपकीर गल्ली. तिथल्या जुन्या दुकानदारांपुढे कार्बन ठेवला तर काही जण नुसता हातात घेऊन, घासून रेघ ओढून प्रत सांगतात. तुमच्याकडे कोणी सुट्टीला जाणार असेल तर नमुना द्या.

---

सुगरणबाई

काका, ही रेघेची गोष्ट भारीच! मिक्सरवाल्याकडे जाताना हा धागा छापून नेते.

---

नवागडी

मी माझं म्हणणं मागे घेत नाही, पण एवढं मान्य: आर्मेचर चांगलं असेल तर दुरुस्तीच. आर्मेचर जळलेलं निघालं तर काय?

---

उद्यमनगरी

तरी भरता येतं, भावा. तांब्याची तार, खोबणीत नवा कागद, वार्निश, भट्टी. कम्युटेटरच्या पट्ट्या सैल झाल्या असतील तर मात्र कठीण. तेव्हा तुमचा पर्याय.

---

शेंदूरवाट

आर्मेचर चांगलं निघालं! सगळ्या पट्ट्या सारख्या, मेगरही उत्तम. इथल्या एका जुन्या यंत्रशाळेत लेथवर कम्युटेटर घेतला. अभ्रक मी घरीच काढला. हॅकसॉच्या पात्याचे दात बाजूंनी घासून फटीच्या रुंदीचे केले आणि एकेक फट ओढत गेलो. प्रत्येक फटीच्या दोन्ही कडांवर बारीकसा उतार दिला, नाहीतर तांब्याची धार कार्बन खरवडते. शेवटी टूथब्रशने साफ केलं, भिंगाने पाहिलं, कुठे तांब्याचं कूस राहिलं नाही ना.

कार्बन नमुन्याप्रमाणे करून आले, स्प्रिंगा नव्या. बेअरिंग दोन्ही बदलली.

एक शंका. नवे कार्बन सपाट आहेत, कम्युटेटर गोल. तसेच चालवायचे?

---

कारशेडकाका

नाही! सपाट कार्बन गोल कम्युटेटरला एका रेघेवरच टेकतो, सगळा प्रवाह त्या रेघेतून जातो, आणि पहिल्याच चढावर ताजा लेथ केलेला कम्युटेटर जळतो. बारीक काचेचा पॉलिश पेपर कम्युटेटरभोवती गुंडाळा, खडबडीत बाजू कार्बनकडे, आणि मोटर चालते त्या दिशेने हाताने आर्मेचर फिरवा. कागद कम्युटेटरला चिकटून राहिला पाहिजे, कडा उचलली तर कार्बनचे कोपरे जातात. काळा एमरी पेपर वापरू नका, त्याचे कण कार्बनमध्ये रुततात आणि तांबं कापत राहतात. कार्बनच्या तोंडाचा बराचसा भाग टेकायला लागला की थांबा, पूड ओढून घ्या. मग भाराशिवाय थोडा वेळ चालवा, फील्ड जोडलेलं असताना. नंतर सपाट जमिनीवर. टेकाड शेवटी.

---

विजेचीवेल

काका, फील्डची आठवण तुम्ही करून दिलीत, फार बरं वाटलं.

---

शेंदूरवाट

मोटर बसवली. सपाटीवर चालवून मग मागचं टेकाड चढलो. ठिणग्या नाहीत, घरघर नाही, दोन्ही टोकं सारखीच कोमट. जाळीतून डोकावलं तर कम्युटेटरवर चॉकलेटी छटा यायला लागली आहे. काका, हा आनंद तुम्हालाच कळेल.

कॉन्टॅक्टरच्या (मोटरीची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) ठिपक्यांवर मात्र काळे खड्डे आहेत. कानस मारू का?

---

बर्फाळवाडी

नको. ते ठिपके चांदीच्या मिश्रधातूचे असतात, काळे दिसले तरी चालतात. कानशीने वरचा चांगला थर जातो. मोठे उंचवटे असतील तेवढेच हलके घ्या, नाहीतर ठिपके बदला.

आणि खालच्या तीन पात्यांच्या मोटरीही एकदा बघून घ्या. त्या कायमचुंबकाच्या आहेत. ओलं गवत आणि पाणी वरून आत जातं, आत गंज चढतो. उघडताना बोटं सांभाळा, चुंबक आर्मेचर खेचून घेतात आणि आपटलं तर चुंबकाचा टवका उडतो. आर्मेचर सरळ ओढून बाहेर काढा, तिरकं नाही. लोखंडाचा कीस पडलेल्या टेबलावर तर अजिबात ठेवू नका, तो कीस चुंबकाला चिकटून बसतो आणि निघता निघत नाही. आत एखादा चुंबक कवचापासून सुटलेला आढळला तर तो उष्णता सोसणाऱ्या इपॉक्सीने चिकटवा, आणि चिकटवण्याआधी त्याची बाजू कोणती होती ते खूण करून ठेवा.

---

शेंदूरवाट

पुढच्या आठवड्यात पाती उतरवतो. फोटो याच धाग्यावर टाकेन.